पांढरीवर पहिल्यांदा जाताना

पुरातत्त्व शिकायला आलेल्या बहुतेकांना थेट उत्खनन करायचं असतं. पण त्याचा परवाना संस्थेच्या नावे निघतो. सुरुवात होते ती पृष्ठभागाच्या सर्वेक्षणानं. त्याला खर्च कमी आणि चुकायला वाव भरपूर.

आधी नकाशा. १:५०,००० च्या स्थलदर्शक नकाशावर १ सेंमी म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. त्यावरच्या समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, सहसा उंचीतल्या २० मीटरच्या फरकानं असतात आणि जुन्या वस्तीचं टेकाड जेमतेम तीन-पाच मीटर उंच. म्हणजे ते रेषांत सापडणार नाही. नकाशा नदीसाठी पाहायचा. जोर्वे, नेवासे, दायमाबाद ही प्राचीन वस्त्यांची ठिकाणं प्रवरेच्या काठी आहेत, इनामगाव घोडनदीवर, तर प्रकाशे तापी-गोमाईच्या संगमाजवळ. नदीची वळणं आणि संगम खुणावून ठेवा, मग गावात जाऊन एवढंच विचारा : पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची पांढुरकी मातीची जागा, कुठं आहे? जाणत्या शेतकऱ्याचं बोट नकाशापेक्षा लवकर जागा दाखवतं.

इथंच पहिला फसवा धागा आहे. पांढरीची माती राखेरी, कसदार. खत म्हणून ती गाड्या भरभरून शेतात टाकली गेली, धाब्याच्या घरांवरही चढली. त्यामुळे काळ्या शेतात विखुरलेली खापरं म्हणजे तिथं वस्ती होती असं नाही. राखेरी माती, चुलीचे भाजके तुकडे, हाडं, भाजलेल्या कुडाचे गिलावे हे सगळं खापरांसोबत दिसलं, तरच ठिकाण पक्कं धरा.

पीक उभं असताना जाऊ नका. नांगरट होऊन एखादा पाऊस पडून गेला की खापरं धुऊन वर येतात, तीच वेळ. मालकाची परवानगी घ्या. दोरीनं १० बाय १० मीटरचे चौकोन आखा आणि निवडक चौकोनांतली सगळी खापरं उचला. नक्षीदार तेवढी वेचली, तर साध्या भांड्यांचं प्रमाण कायमचं हरवतं. पिशवीत चिठ्ठ्या दोन, एक आत, एक बाहेर. लिखाण पेन्सिलीनं, कारण ओलीनं शाई फुटते. ठिकाण, तालुका, चौकोन क्रमांक, तारीख. चिठ्ठी हरवलेली पिशवी निरुपयोगी, मग आत काहीही असो. संरक्षित स्मारकाच्या आवारातून तर खडाही उचलायचा नाही, आणि नाणी वा दागिने सापडले तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं.

खापर ओळखताना काठ, बूड आणि तोटी आधी पाहा. जोर्वे गावावरून नाव पडलेलं जोर्वे पद्धतीचं खापर तांबूस, वर काळी भौमितिक नक्षी, पक्कं भाजलेलं; टिचकी मारली तर खणखणतं. इनामगावात पूर्व जोर्वे काळ साधारण इ.स.पू. १४०० ते १०००, उत्तर जोर्वे त्यापुढे ७०० पर्यंत. काळ्या-तांबड्या खापरावरून मात्र घाईनं 'सातवाहन' लिहू नका. विदर्भातल्या शिळावर्तुळांतही, म्हणजे दफनांभोवती रचलेल्या दगडांच्या जुन्या वर्तुळांतही, तशी भांडी मिळतात. सोबत काय आहे, हे पाहिल्याशिवाय काळ सांगायचा नाही.

नदीनं काठ कापला असेल, तर थरांचा छेद फुकटात दिसतो. खालचा थर जुना, वरचा नवा, हे सगळ्यांना पाठ असतं. गोंधळ घालतं ते पेव. वरच्या वस्तीनं धान्यासाठी खणलेलं पेव खालचे दोन-तीन थर भेदून जातं. त्याच्या तळाशी सापडलेली वस्तू खोल असली तरी खणणाऱ्यांच्या काळाची किंवा त्यानंतरची. भोवतालच्या मातीहून पेवातली माती भुसभुशीत आणि वेगळ्या रंगाची असते. छेदावर थोडं पाणी शिंपडलं की कडा उठून दिसते. उंदरांची बिळं आणि उन्हाळ्यात काळ्या मातीला पडणाऱ्या भेगाही हेच करतात. वरचा मणी अलगद खाली जातो.

छेदातल्या कोळशाला हात लावू नका. कार्बन-१४ या काळ ठरवण्याच्या चाचणीसाठीचा नमुना जाणकारानं थराची नोंद करून घ्यायचा असतो. तुम्ही त्याची जागा मोजा, मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण ठेवून फोटो काढा.

आणि ज्या शेतात काहीच मिळालं नाही, त्याचाही गट क्रमांक वहीत लिहा. नाहीतर पुढच्या नकाशावर 'इथं वस्ती नव्हती' आणि 'इथं कुणी गेलंच नाही' यांत फरक उरत नाही.