शेतात झिंग्यांची देग लावायची तर गॅस कोणता? आमच्या बेताची तयारीची यादी

मार्गशीर्ष सरला, संक्रांत झाली की आमच्याकडं एक बेत ठरलेला असतो. पैठणच्या बाजूला थोरल्या भावाचं शेत आहे. हुरड्याचे दिवस असतात, भावंडं सुट्टी काढून येतात आणि बांधाजवळ मोठी देग चढते. झिंगे, खेकडे, बारके बटाटे, मक्याची कणसं, लसणाचे अख्खे गड्डे, सगळं एकाच मसालेदार पाण्यात उकडायचं, निथळून केळीच्या पानांवर ओतायचं आणि भोवती बसून हातानं सोलून खायचं. ही रीत मूळची अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याची. तिथं क्रॉफिश नावाचा गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा जीव असाच अंगणात उकडतात. आम्ही ती उचलली आणि आमची केली.

दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, की तुमच्याकडं पाइपचा गॅस आलाय, मग टाकी कशाला? तिकडच्या पाककृतींत नॅचरल गॅस आणि प्रोपेन असे दोन पर्याय दिलेले असतात, त्यातला आपल्याकडं कुठला? म्हणून ही यादी लिहून काढली. झिंगे महाग असतात आणि माणसं लांबून आलेली असतात, त्यामुळं आच ऐनवेळी दगा देऊ नये एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

आठ दिवस आधी ठरवायची पहिली गोष्ट म्हणजे इंधन. पाइपनं येतो तो नॅचरल गॅस, म्हणजे मुख्यतः मिथेन. छत्रपती संभाजीनगरच्या काही वसाहतींत तो आता ओट्यापर्यंत पोचलाय. तिकडचं प्रोपेन म्हणजे टाकीतला द्रवरूप गॅस. आपल्या एजन्सीकडं निव्वळ प्रोपेन मिळत नाही, आपला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. सारख्याच आकारमानात पाहिलं तर प्रोपेनच्या वाफेत नॅचरल गॅसच्या सुमारे अडीचपट उष्णता असते. पण त्यावरून पाइपचा गॅस कमजोर समजू नका. ज्योत दोन्हींची जवळपास सारखीच तापते. फरक पडतो तो मिनिटाला किती उष्णता देगेच्या बुडाला लागते यात. माझ्या मते सगळा निर्णय या एका गोष्टीवर घ्यावा, गॅस किती शिल्लक आहे यावर नाही.

हिशोब सांगतो. वीस माणसांसाठी आम्ही साठ लिटरची देग घेतो आणि तिच्यात पंचवीस लिटर पाणी घालतो. ते २५ अंशांवरून उकळीला न्यायला साधारण ८ मेगाज्यूल उष्णता लागते. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर अडीच किलोवॅटच्या आसपास असतो, त्यातली बरीच उष्णता आजूबाजूला जाते, म्हणजे दीड तास नुसतं पाणी तापवण्यात जाईल. तासाला सव्वा किलो गॅस जाळणाऱ्या मोठ्या भट्टीवर तेच पाणी वीस-पंचवीस मिनिटांत खळखळतं. खरा प्रश्न त्यानंतर येतो. बर्फातले पाच किलो झिंगे टाकले की पाणी एकदम निवतं. आच जोरात असेल तर दोन-चार मिनिटांत पुन्हा उकळी येते. मंद असेल तर झिंगे कोमट पाण्यात पडून राहतात आणि मऊ, पिठूळ होतात. कितीही चांगला मसाला घातला तरी मग ते सुधारत नाहीत.

घरच्या जोडणीत पाइपचा गॅस फार कमी दाबानं, २१ मिलिबारला येतो. स्वयंपाकाला तो उत्तम, संपण्याची चिंता नाही, टाकी उचलायची नाही. तळमजल्यावर घर असेल, अंगणात कंपनीनं रीतसर वेगळा पॉइंट दिला असेल आणि पाच-सहा माणसांसाठी दहा लिटरचं पातेलं लावायचं असेल, तर मी पाइपच निवडेन. पण ओट्याच्या नळीला लांब रबरी नळी जोडून ती खिडकीतून अंगणात नेणं, हे मनातसुद्धा आणू नका. एलपीजीची भट्टी पाइपच्या गॅसवर तशीच चालत नाही, हेही लक्षात असू द्या. बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोटी म्हणजे जेट. नॅचरल गॅसच्या जेटचं भोक मोठं असतं, एलपीजीचं बारीक. एलपीजीचा जेट पाइपला लावला तर ज्योत मरगळते, उलट केलं तर पिवळीधमक, काजळी ओकणारी आग वर येते. जेट बदलायचा तर अधिकृत मेकॅनिककडूनच. आणि शेतात पाइप नाहीच. कुणी गाडीतल्या सीएनजीचं सुचवलं तर ऐकू नका, तो दोनशे बारच्या दाबाला भरलेला असतो, भट्टीशी त्याचा काही संबंध नाही.

तर शेतासाठी टाकी. कुठली, हा पुढचा मुद्दा, आणि इथं आम्ही एकदा चांगलेच फसलो. वीस माणसांच्या बेताला एकूण गॅस लागतो एक-दीड किलो. मग पाच किलोची छोटी टाकी पुरेल असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. गॅस पुरला असता, पण भट्टी जोरात चालली की टाकीतला द्रव भराभर वाफ होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता टाकीच्या अंगातूनच ओढून घेतो. छोट्या टाकीचं अंग ते किती! अर्ध्या तासात ती गारठली, बाहेरून पाणी सुटलं, खाली पांढरी खपली धरली आणि ज्योत बसली. झिंगे पाण्यात होते. त्या दिवशी लांबून आलेल्या मावशीच्या पानात ते मऊ झिंगे वाढताना मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून १९ किलोचीच निळी व्यावसायिक टाकी घेतो. ती जास्त गॅससाठी नव्हे, तर तिचं अंग मोठं, आत द्रव जास्त, म्हणून वाफ टिकून येते यासाठी. घरची लाल १४.२ किलोची टाकी घरच्या स्वयंपाकासाठी असते, ती भट्टीला नेऊ नये.

थंडीचाही विचार करा. प्रोपेन उणे ४२ अंशांलाच उकळतं, ब्युटेन शून्याच्या जरासं खाली. टाकीतून आधी प्रोपेन जास्त निघून जातं, तळाला ब्युटेन उरत जातं. त्यामुळं जानेवारीच्या रात्री अर्ध्याहून रिकामी टाकी हमखास ढेपाळते. शक्यतो भरलेलीच टाकी आणा आणि दुपारी उन्हं असताना देग चढवा. गारठलेली टाकी आडवी करणं, हलवणं, तिच्याखाली जाळ धरणं, यातलं काहीही करायचं नाही. जोर गेलाच तर आच बंद करून टाकी बदलायची.

टाकी घेताना सील आहे ना ते पाहा, कड्यावर लिहिलेलं रिकाम्या टाकीचं वजन वाचा आणि तिथंच वजन करून घ्या. त्याच कड्याच्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ती टाकीच्या पुढच्या तपासणीची मुदत, उलटून गेलेली असेल तर टाकी परत करा. आणताना उघड्या टेम्पोत, उभी बांधून आणा.

भट्टी मंडपवाल्याकडून भाड्यानं मिळते. दोन दिवस आधी आणा, म्हणजे दुरुस्तीला वेळ राहतो. जास्त दाबाच्या भट्टीला जास्त दाबाचाच रेग्युलेटर लागतो, आणि तो घरच्या शेगडीला चुकूनही लावायचा नाही. नळी आयएसआय शिक्क्याची, वाकवल्यावर चिरा न दिसणारी हवी. क्लॅम्प दोन्ही टोकांना. परदेशाहून कुणी भट्टी आणली असेल तर तिच्या रेग्युलेटरचे आटे आपल्या टाकीच्या व्हॉल्व्हला बसत नाहीत, जुगाड करून बसवूही नका. सगळं जोडलं की साबणाचं पाणी सांध्यांना लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती शोधणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांना देगेच्या जवळ येऊ देऊ नका.

आता जागा. यावर मी जास्त बोलतो, कारण आपली जमीन वेगळी आहे. नॅचरल गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर निघून जातो. एलपीजी हवेहून दीड ते दोन पट जड, तो जमिनीलगत सरपटतो आणि खड्डा दिसला की तिथं साचतो. आपल्या काळ्या मातीला भेगा पडतात, शेतात विहीर असते, जुन्या वाड्यांच्या अंगणात धान्याचं पेव असतं. या सगळ्यांपासून टाकी लांब आणि उंचवट्यावर ठेवा. गच्चीवर बेत करायचा मोह होतो, पण कठड्याच्या आत गॅस कोंडतो आणि जिन्यानं खाली घरात उतरतो, म्हणून आम्ही गच्ची सोडून दिली. कडब्याची गंजी, पऱ्हाट्या, तुराट्या जवळ नकोत. काळ्या मातीत भट्टीचे पाय रुततात, साठ लिटरची उकळती देग कलंडली तर काय होईल ते सांगायला नको. खाली शहाबादी फरशी टाका आणि देग रिकामी असतानाच दाबून, हलवून पाहा. टाकी भट्टीपासून निदान दहा फूट लांब, उभी. वाऱ्याच्या बाजूनं पत्र्याचा आडोसा करा, पण टाकी आडोशाच्या आत घेऊ नका. मंडप असेल तर बाजूच्या कनाती सोडू नका, हवा खेळती राहू द्या.

मालाचं थोडक्यात. वीस माणसांना पाच किलो झिंगे, तीन किलो खेकडे, तीन किलो बटाटे, वीस अर्धी कणसं. समुद्राचा माल हवा असेल तर १ जून ते ३१ जुलै राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा धरणाचा माल पाहावा. खेकडा जिवंतच घ्या, मेलेला देगेत जाता कामा नये. मसाला अख्खा, मलमलच्या पुरचुंडीत: धणे, मिरे, लवंग, तेजपान, सुक्या मिरच्या. येसर, म्हणजे आमच्याकडचा रश्श्याचा मसाला, पाण्यात सोडू नका. त्यात भाजलेल्या धान्याचं पीठ असतं, जोरदार आचेवर ते बुडाला बसून करपतं. येसराचा रस्सा वेगळा करून शेजारी ठेवतो आम्ही, भाकरीबरोबर तो खरा रंगतो.

पेटवताना आधी काडी, मग कॉक. ज्योत निळी हवी, पिवळी असेल तर हवेची झडप उघडा. देग दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. पाणी उतू गेलं की ज्योत विझते आणि गॅस मात्र येतच राहतो. म्हणून भट्टीजवळ एक माणूस कायम बसलेला हवा, पत्ते खेळायला न जाणारा. आमच्याकडं हे काम थोरल्या काकांचं. विझली तर आधी टाकी बंद, थोडा वेळ वारा लागू द्यायचा, मग पुन्हा. शेजारी वाळूच्या दोन बादल्या आणि ओलं बारदान. गळतीची तक्रार करायचा १९०६ हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच घालून ठेवा.

उकळी आली की बटाटे आणि लसूण, पंधरा मिनिटांनी खेकडे, त्यांना आठ-दहा मिनिटं, मग कणसं पाच मिनिटं, शेवटी झिंगे. पाणी पुन्हा उकळलं की दोन-तीन मिनिटांत ते वळतात, रंग पालटतो. तिथं थांबायचं, आच बंद, पाचेक मिनिटं त्याच पाण्यात मुरू द्यायचं. संभाजीनगर-पैठणच्या उंचीवर पाणी शंभराऐवजी अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं, बटाट्याला दोन मिनिटं जास्त द्या. बंद करताना आधी टाकीचा कॉक फिरवा, नळीतला उरलेला गॅस जळून जाऊ द्या, नंतर भट्टीचा.

जेवणं झाल्यावर देगेतलं खारट पाणी विहिरीजवळ किंवा उभ्या पिकात ओतू नका, मीठ काळ्या मातीत राहून जातं. निवलं की बांधापलीकडच्या मुरमाड तुकड्यावर टाका. टरफलं उकिरड्यात खोल पुरा, नाहीतर रात्रभर कुत्री उकरत बसतात. टाकीला टोपण लावा आणि सकाळपर्यंत ती उघड्यावरच, उभी राहू द्या.