बाईकचा इन्शुरन्स रिन्यू करताय? आधी हे बघून घ्या

हप्ता वाढलाय म्हणून रस्त्याकडेच्या टेबलवर कुणी ‘अर्ध्या पैशात करून देतो’ म्हणालं तर तिथंच थांबा. १५० ते ३५० सीसीच्या पेट्रोल बाईकचा नुसता थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा विमा) दर जून २०२२ ला १३६६ रुपये ठरला, तो सरकार ठरवतं, एजंट नाही, वर जीएसटी वेगळा, मग अर्ध्यात कसं बसणार? माझ्या भावाला कात्रजला असाच कागद मिळालेला, शिक्का, लोगो सगळं छान, पण क्यूआर कोड स्कॅन केला तर काही उघडेचना. म्हणून कागद हातात आला की आधी कोड स्कॅन करा, मग थोड्या दिवसांनी सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर टाकून विम्याची तारीख बघा.

दुसरं, आणि हे मला जास्त टोचतं. गाडी पडली, हँडल वाकलं, की गॅरेजवाला म्हणतो टाकीपण क्लेममध्ये घालू. घालू देऊ नका हो! असल्या खोट्या बिलांचा बोजा शेवटी आपल्या सगळ्यांच्याच हप्त्यावर येतो. एस्टिमेट स्वतः वाचा, काढलेले पार्ट बघायला मागा, कोऱ्या फॉर्मवर सही नको. खर्च किरकोळ असेल तर खिशातूनच करा, कारण क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर मिळणारी सूट, जाते, आणि सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ती ५० टक्क्यांपर्यंत पोचते.