मृत्युपत्र: कुणाला काय, आणि ते कागदावर कसं

नोकरीची शेवटची काही वर्षं मी साताऱ्यातल्या एका बँकेत मयत खातेदारांच्या दाव्यांचं टेबल सांभाळलं. समोर येणाऱ्या बहुतेकांचं म्हणणं एकच असायचं, "मॅडम, नॉमिनी लावलाय ना, मग आता काय अडचण?" नॉमिनीच्या हातात बँक पैसे देते हे खरं, पण ते वारसांच्या वतीने. मालकी ठरते मृत्युपत्रावर, आणि ते नसेल तर वारसा कायद्यावर. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या नॉमिनीबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं.

म्हणून आधी एवढं समजून घ्या, की तुम्ही काहीच लिहिलं नाही तर कायदा काय करेल. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगे, मुली आणि आई या सगळ्यांना सारखा वाटा. यातली "आई" लोकांच्या लक्षातच नसते. नवऱ्याच्या नावावरचं घर आपसूक आपलं झालं असं धरून चाललेल्या बाईला कळतं, की दोन मुलं आणि सासूबाई धरून तिचा हिस्सा फक्त पाव आहे. पुढे सासूबाई गेल्या की त्यांच्या पाव हिश्शात दीर आणि नणंदा येतात.

बाईच्या बाबतीत तर फारच जपायला हवं. मूल नसलेली विधवा मृत्युपत्राविना गेली, तर तिने स्वतःच्या पगारातून घेतलेलं घर आणि ठेवीसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातात. तिचे आईवडील त्यांच्या मागे, आणि बहीणभाऊ त्याहून मागे. एका निवृत्त शिक्षिकेचं असंच झालेलं मी पाहिलं. शेवटच्या आजारपणात सख्ख्या बहिणीने तिचं सगळं केलं होतं, आणि दाव्याचा अर्ज घेऊन आले ते तिच्या नवऱ्याचे पुतणे. कायद्याने ते बरोबरच होते. बहिणीला मी काहीही देऊ शकले नाही. दोन पानी कागद असता तर देऊ शकले असते. एकट्या राहणाऱ्या, मूल नसलेल्या प्रत्येक बाईला मी हात जोडून सांगते, हे काम या महिन्यातच करा.

आता यादी. घर, जमीन, ठेवी, पीपीएफ, विमा, दागिने, आणि डोक्यावरचं कर्जसुद्धा. प्रत्येक गोष्टीपुढे लिहा, ती पूर्ण तुमची की तुमचा फक्त हिस्सा. सदनिका नवरा-बायकोच्या नावावर असेल तर तुम्ही फक्त तुमच्या हिश्शाबद्दल लिहू शकता. वडिलोपार्जित जमिनीचंही तेच. सातबारा काढून नावं बघा, मगच लिहा. नवरा-बायकोने एकत्र एकच मृत्युपत्र करण्यापेक्षा दोघांनी आपापलं वेगळं करावं, म्हणजे मागे राहिलेल्याला बदल करायला मोकळीक राहते.

कुणाला काय द्यायचं, यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. माझी सदनिका माझ्याच नावावर आहे. मुलगी साताऱ्यातच असते, मुलगा जर्मनीत. आणि घरात माझी अविवाहित नणंद, जिने माझी दोन्ही मुलं सांभाळली म्हणून मला नोकरी करता आली. मुलं असताना कायद्याने माझ्या मालमत्तेत तिला काहीच मिळत नाही. म्हणून पहिलं कलम तिचं: "सदर सदनिकेत माझी नणंद हिला तिच्या हयातीपर्यंत विनामोबदला राहण्याचा हक्क राहील. तिला सदनिका विकता, गहाण ठेवता अथवा भाड्याने देता येणार नाही. सदनिकेची मालकी माझ्या मुलीची राहील व नणंदेच्या हयातीत मुलीने सदनिका विकू नये." शिवाय तिच्या औषधपाण्यासाठी एक रक्कम वेगळी, थेट तिच्या नावाने.

बाकीच्या ठेवी मुलाला. त्याला इथलं अर्धं घर देणं म्हणजे परदेशात बसून सोसायटीचा मेंटेनन्स भरत बसणं, आणि बहिणीशी विक्रीवरून वाद ओढवून घेणं. प्रत्येक वस्तूचे दोन तुकडे केले म्हणजे न्याय होतो, असं मला वाटत नाही. पण वाटे वेगवेगळे असतील तर कारण मृत्युपत्रातच दोन ओळींत लिहा. मुलांना ते तुमच्या शब्दांत कळायला हवं, आणि पुढे कुणी शंका घेतली तर तोच मजकूर उपयोगी पडतो.

ठेवींबाबत बँकेतली एक गोष्ट सांगते. पावती क्रमांक लिहून वाटणी करू नका. नूतनीकरण झालं की क्रमांक बदलू शकतो, आणि मग ती ठेव कोणती यावर खल होतो. "अमुक बँकेच्या अमुक शाखेत माझ्या नावे मृत्युसमयी शिल्लक असलेल्या सर्व ठेवी" असं लिहा. दागिन्यांचं उलट. तिथे नेमकेपणा हवा. "दागिने मुलीला आणि सुनेला" एवढ्याने भागत नाही. पाटल्यांची जोडी मुलीला, मोहनमाळ सुनेला, वजनासकट. शेवटी एक कलम हवंच: वर उल्लेख न केलेली उर्वरित सर्व मिळकत कुणाला. आणि ज्याला दिलंय तो तुमच्याआधी गेला तर ते कुणाकडे जावं, हेही.

कागद साधा चालतो. स्टँप पेपर लागत नाही. हाताने लिहा किंवा टाईप करा, भाषा मराठी असली तरी काही अडत नाही. महत्त्वाची आहे ती सही. तुम्ही दोन साक्षीदारांसमोर सही करायची, आणि त्यांनी तुमच्यासमोर. त्यांना मजकूर वाचून दाखवायची गरज नाही. साक्षीदार तुमच्याहून तरुण, जवळपास राहणारे, आणि मृत्युपत्रात काहीही न मिळणारे असावेत. माझे साक्षीदार म्हणजे आमचे फॅमिली डॉक्टर आणि समोरच्या दारातल्या वहिनी. डॉक्टरांनी त्याच तारखेचं, मी मानसिकदृष्ट्या सक्षम असल्याचं प्रमाणपत्रही दिलं. उतारवयात ते घ्याच. प्रत्येक पानावर सही करा. खाडाखोड झाली तर ते पान नव्याने काढलेलं बरं. अंमलबजावणीसाठी व्यवस्थापक नेमा. मी धाकट्या भावाला नेमलंय, त्याला आधी विचारून.

नोंदणी सक्तीची नाही. तरीही मी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन केली. मुद्रांक शुल्क नसतं, फी किरकोळ असते, फोटो आणि अंगठा घेतात, साक्षीदारांना ओळखपत्रासह सोबत न्यावं लागतं. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. आणि नोंदणी केली म्हणून मृत्युपत्र कायमचं बांधून ठेवत नाही, नंतर रीतसर केलेलं मृत्युपत्रच ग्राह्य धरतात.

हे सगळं हिंदू कुटुंबांपुरतं. मुस्लिम कुटुंबात सर्वसाधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं, आणि गोव्यात मुलांसाठी अर्धा हिस्सा कायद्यानेच राखीव असतो. तिथल्या वकिलांचा सल्ला घ्या.

मूळ प्रत स्वतःच्या एकट्याच्या लॉकरमध्ये ठेवू नका. तुमच्या पश्चात तो लॉकर उघडायलाच कागदपत्रं लागतात. माझी प्रत भावाकडे आहे, आणि ती कुठे आहे हे दोन्ही मुलांना माहीत आहे. घर विकलं, लग्न झालं, कुणी गेलं, की जुनी प्रत काढून वाचा. बदल मोठा असेल तर नवीन मृत्युपत्र करा, आणि पहिल्याच परिच्छेदात तारखेसह लिहा, की यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे मी रद्द करत आहे.