महामार्गावरच्या केटरिंगमध्ये वर चढायचंय? मग या चुका टाळा

हॉटेलच्या किचनमधून महामार्गावरच्या थांब्यावर मॅनेजर म्हणून आलेले बरेच जण आल्याआल्या मेनू सुधारायला घेतात. पण गाडी थांबते ती बहुतेकदा स्वच्छतागृहासाठी, इंधनासाठी किंवा पाय मोकळे करायला. खाणं नंतर सुचतं. स्वच्छतागृह घाण दिसलं की माणूस काउंटरकडे फिरकतही नाही.

म्हणून विक्री घसरली तर लगेच आचाऱ्याला धारेवर धरू नका. गाड्या किती थांबल्या, माणसं आत किती आली, बिलं किती निघाली, हे तीन आकडे तासातासाने शेजारी मांडा. गाड्याच कमी थांबत असतील तर रस्त्यावरचे फलक आणि आत वळायची जागा तपासा. माणसं आत येऊन रिकाम्या हाताने जात असतील तर बहुधा रांग नडते आहे. प्रवाशाला घाई असते, लांब रांग बघूनच तो मागे फिरतो.

ड्युटी लावतानाही असंच फसायला होतं. दोन बस एकदम आल्या की बघता बघता शंभरएक माणसं दारात उभी राहतात. या धास्तीने काही जण ढीगभर पदार्थ आधीच करून ठेवतात, आणि ते निवत पडतात. 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, तेव्हा गरम पदार्थ 60 च्या वर आणि थंड 5 च्या खाली राहिलाच पाहिजे. भांड्याला हात लावून ‘गरम आहे की’ म्हणणाऱ्या सुपरवायझरच्या हातात थर्मामीटर द्या. तापमानाच्या वहीत दिवसभराचे रकाने एकाच पेनाने, एका दमात भरलेले असतील, तर तपासनीस ते पहिल्या पानावरच ओळखतो.

बढती मात्र अडते ती कागदांपाशी. एक थांबा सांभाळणारा चांगला युनिट मॅनेजर अनेक थांबे बघणारा एरिया मॅनेजर झाला तरी रोज एखाद्या काउंटरमागे उभा असतो. जागेचा करार त्याने वाचलेलाच नसतो. अशा जागांना अनेकदा विक्रीतला ठरावीक वाटा किंवा किमान हमी रक्कम, यातलं जे जास्त ते द्यावं लागतं. मंदीच्या महिन्यांत ही हमीच नफा खाते. इंधनाची उलाढालही खाण्याच्या विक्रीत मिसळू नका. तिचा आकडा फुगलेला, पण मार्जिन तुटपुंजं.

आणि रस्ता कायमचा आपला, असं धरून चालू नका. केएफसीचे संस्थापक हारलँड सँडर्स यांचं अमेरिकेत केंटकी राज्यातल्या कॉर्बिनचं उपाहारगृह चांगलं चालत होतं. नवा इंटरस्टेट, म्हणजे राज्यं जोडणारा मोठा महामार्ग, गावाला वळसा घालून जाणार हे ठरलं, गिऱ्हाईक तुटलं आणि 1956 मध्ये त्यांना ते विकावं लागलं. त्यांच्या हाताशी फ्रँचायझीचा धंदा होता, म्हणून ते तरले. कराराची मुदत वाढवण्याआधी रस्तेबांधणी खात्याचे पुढच्या काही वर्षांचे आराखडे मागवा. बायपास आखलेला असेल तर किमान हमी कमी करण्याचं कलम घातल्याशिवाय सही करू नका.