स्लो कुकरमधलं चिंचगुळाचं चिकन: या चुका टाळा

रस्सा पाणचट झाला की बोल मसाल्याला लागतो, पण चूक बहुतेक वेळा पाण्याची असते. पातेल्यातली वाफ उडून जाते. स्लो कुकर म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं; त्यात ती झाकणाला लागून परत खाली पडते. शिवाय चिकन आणि कांदा आपलं पाणी सोडतातच. १ किलोला अर्धी वाटी पाणी पुरे, तेही चिंचेच्या कोळासकट.

साडेतीन लिटरच्या भांड्याला माप असं: चामडी काढलेले, हाडासकट लेग पीस १ किलो, कांदे ३, आलं-लसूण वाटण २ चमचे, कांदा-लसूण मसाला ३ चमचे, लिंबाएवढी चिंच, चिरलेला गूळ ५० ग्रॅम, मीठ दीड चमचा, दाण्याचं कूट ३ चमचे. ‘लो’ (मंद) बटणावर ५ ते ६ तास, ‘हाय’वर (जास्त आच) साधारण ३. ब्रेस्ट पीस इतका वेळ ठेवले तर चोथा होतो. गावरान कोंबडीला हे वेळापत्रक लागूच नाही, ती कुकरच्या शिट्ट्यांवरच बरी.

कांदा आणि मसाला कच्चाच टाकणं ही सर्रास होणारी चूक. भांड्यातलं तापमान उकळीच्या पुढे जात नाही, म्हणून कांदा कितीही तास ठेवला तरी लालसर होत नाही आणि मसाल्याचा कच्चट वास राहतो. कढईत २ पळ्या तेलावर कांदा १०-१२ मिनिटं परता, मग वाटण आणि मसाला. तेल सुटलं की सगळं भांड्यात घाला.

चिंच आणि गूळ शेवटच्या अर्ध्या तासातच घाला. आंबटामुळे कांदा-बटाटा लवकर मऊ होत नाही, आणि गूळ सुरुवातीपासून असला तर कडेला चिकटून करपतो. गरम कोळात गूळ विरघळवून गाळून घ्या, गुळातली कचकच दाताखाली येत नाही. कूटही याच वेळी. कुटाऐवजी २ चमचे सोलापुरी शेंगा चटणी घातली तर चव जास्त खुलते, फक्त मीठ आधी कमी ठेवा. तरी पातळ वाटलं तर झाकण किंचित उघडं ठेवून हायवर करा. कडक भाकरी कुस्करून खाणार असाल तर मात्र घट्ट करायच्या फंदात पडू नका.

एरवी झाकण उघडायचं नाही. दर वेळी वीसेक मिनिटं वाढतात.

आता जिथे पोट बिघडतं ती चूक: गोठलेलं चिकन थेट भांड्यात. ५ ते ६० अंश सेल्सियसमध्ये जंतू झपाट्याने वाढतात, आणि गोठलेला तुकडा या टप्प्यात फार वेळ अडकतो. सोलापूरच्या चाळीशीपार उन्हाळ्यात ओट्यावर वितळवणंही तितकंच वाईट. रात्रभर फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात ठेवा. हाडाजवळ, पण हाडाला न टेकवता, थर्मामीटरवर ७४ अंश दिसले पाहिजेत. ‘वॉर्म’ बटण शिजवण्यासाठी नाही.

लाइट गेली आणि घरात असाल तर लगेच पातेल्यात काढून गॅसवर शिजवा. बाहेरून आल्यावर लाइट किती वेळ गेली होती ते कळत नसेल, तर शिजलेलं दिसलं तरी टाकून द्या. काही डिजिटल मॉडेल वीज परत आली तरी बंदच राहतात, तेही तपासून ठेवा.

उरलेलं पसरट भांड्यात काढून २ तासांत, उन्हाळ्यात तासाभरात, फ्रिजमध्ये जाऊ दे. दुसऱ्या दिवशी गॅसवर उकळी आणा. स्लो कुकरमध्ये ते तापायला फार वेळ लागतो. आणि तापलेल्या सिरॅमिक भांड्यात गार पाणी ओतू नका, तडा जातो.