हिरवळीची निगा: कापणीची उंची आणि पाण्याची खोली

घराभोवतीची हिरवळ पिवळी पडू लागली की बहुतेक जण आधी खताची पिशवी उघडतात. माझ्या मते त्याआधी कापणीचे यंत्र किती खाली लावले आहे ते पाहावे. गवत आपले अन्न पात्यांत तयार करते आणि त्यावरच मुळे पोसली जातात; त्यामुळे पाती सतत फार आखूड ठेवली तर मुळेही उथळ राहतात आणि अशी हिरवळ पहिल्याच कडक उन्हात मान टाकते.

एका कापणीत पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग काढू नये. हिरवळ 6 सेंटीमीटर ठेवायची असेल, तर ती 9 सेंटीमीटर होताच कापावी. आडव्या पसरणाऱ्या हरळीला 2.5 ते 4 सेंटीमीटर उंची मानवते, तर थंड हवेतील 'उंच फेस्क्यू' या जातीच्या गवताला 6 ते 8 सेंटीमीटर लागते. गवत फार वाढले असेल, तर काही दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत खाली आणावे.

कापणीनंतर एक पाते हातात घेऊन त्याचे टोक अवश्य निरखावे. धारदार यंत्राचा काप सरळ आणि स्वच्छ असतो. बोथट यंत्राने टोक फाटून त्याचे धागे निघतात आणि दोन दिवसांत ते पांढुरके-तपकिरी होते. मग सारी हिरवळ दुरून करडी दिसते आणि पाणी कमी पडले असे समजून घरचे लोक नळ सोडतात, जेव्हा खरी गरज धार लावण्याची असते. ओले गवत कापू नये. कापलेली बारीक पाती तिथेच पडू द्यावीत, कारण ती कुजून त्यांतील नत्र जमिनीला परत मिळते. त्यांचे ढीग झाले असतील तरच दाताळ्याने पसरावेत.

पाण्याच्या बाबतीत रोजचा शिडकावा हा मोठा घात आहे. वरचा थरच ओला राहिला की मुळे खाली जात नाहीत. वाढीच्या काळात, पाऊस नसताना, आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर पाणी पुरते, म्हणजे दर चौरस मीटरला 25 लिटर. ते एक-दोन वेळांत विभागून द्यावे, वाळूसर जमिनीत मात्र थोड्या जास्त वेळा. तुषार सिंचन असेल, तर सरळ कडांचे डबे हिरवळीत ठिकठिकाणी ठेवून किती वेळात किती पाणी साठते ते मोजावे. नंतर लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीत खुपसून पाहावा; तो 15 सेंटीमीटरपर्यंत सहज गेला, तर ओल खोल पोहोचली असे समजावे. चालल्यावर पावलांचे ठसे उमटून राहिले आणि गवत निळसर दिसू लागले, तर ते तहानलेले आहे. पाणी पहाटे द्यावे. संध्याकाळी दिल्यास पाती रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला वाव मिळतो.

खत गवत वाढत असतानाच, थोडे थोडे द्यावे. जादा नत्राने पाती लुसलुशीत होतात, पण रोगाला लवकर बळी पडतात. मातीची तपासणी करून सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) 6 ते 7 च्या दरम्यान आहे ना, हे पाहिल्याखेरीज चुना किंवा गंधक टाकू नये.

पायवाटेसारखी घट्ट झालेली जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसताना, पोकळ दात्यांच्या अवजाराने 5 ते 8 सेंटीमीटर खोल भोके पाडून मोकळी करावी. निघालेले मातीचे तुकडे तिथेच वाळून विरघळू द्यावेत. तण बी धरण्यापूर्वी उपटावे. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीतच राहतात, म्हणून तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो. दाट सावलीत मात्र गवताचा हट्ट धरू नये. तिथे सावलीत वाढणारी झुडपे लावावीत.