मॉड्युलर थ्री-फेज यूपीएसची तुलना कशी करायची: कोटेशनमध्ये जे लिहिलेलं नसतं ते

टेबलावर तीन कोटेशनं पडलीत, तिन्हींवर २०० केव्हीए मॉड्युलर (एका फ्रेममध्ये बसवलेले छोटे पॉवर मॉड्यूल), एन प्लस वन (गरजेपेक्षा एक मॉड्यूल जास्त), ९७ टक्के एफिशियन्सी असंच छापलंय आणि पर्चेसवाला विचारतोय की सगळं सेमच आहे तर स्वस्तातलं घेऊया ना. सेम नसतं हो. चालू असताना सगळी यूपीएस सारखीच वाटतात, फरक कळतो तो काहीतरी बिघडल्यावर. म्हणून प्रत्येक मशीनसमोर एकच प्रश्न धरायचा: यातला हा पार्ट गेला तर माझ्या लोडचं काय होणार?

पण त्याआधी स्वतःचा लोड माहीत पाहिजे, आणि इथेच निम्मे लोक गडबड करतात. सर्व्हरच्या नेमप्लेटवरचे वॅट बेरजेला घेतले की आकडा भलताच फुगतो. पॅनलवर मीटर लावून १५ दिवस रीडिंग घ्या, आर-वाय-बी तिन्ही फेजचं वेगवेगळं, म्हणजे एका फेजवर जास्त लोड पडलाय का तेही दिसेल. आणि बोलायचं किलोवॅटमध्ये. हल्लीची बरीच मॉडेलं युनिटी पॉवर फॅक्टरची आहेत, म्हणजे २०० केव्हीए म्हणजे २०० किलोवॅटच, पण ०.९ वाल्यात तेच १८० होतात, कोटेशनच्या बारीक अक्षरात बघा.

समजा लोड १२० किलोवॅट निघाला. आता मॉड्यूलचा साइज. लेग्रांडच्या केओर मॉडमध्ये २५ किलोवॅटचं मॉड्यूल, श्नायडरच्या गॅलेक्सी व्हीएलमध्ये ५० चं, एबीबीच्या डीपीए ५०० मध्ये १०० चं. २५ चे घेतले तर पाच अधिक एक, म्हणजे १५० किलोवॅटमध्ये काम भागतं. ५० चे तीन अधिक एक म्हणजे २००, आणि १०० चे दोन अधिक एक म्हणजे थेट ३००. पहिला पर्याय स्वस्त दिसतो खरा, पण लोड १२५ च्या वर सरकला की तुमचं एन प्लस वन गुपचूप संपलं, सहाच्या सहा मॉड्यूल लागायला लागले आणि स्क्रीनवर सगळं हिरवंच. ५० वाल्यात १५० पर्यंत निवांत असता. म्हणून "रिडंडन्सी लॉस्ट" हा वेगळा अलार्म येतो का आणि तो बीएमएसवर (बिल्डिंगच्या मॉनिटरिंग सिस्टिमवर) पाठवता येतो का, हे विचाराच.

आता खरा मुद्दा. मॉड्यूल सहा असले तरी सहाही जणांना मिळून काय काय लागतं ते कागदावर काढा. स्टॅटिक बायपास (गरज पडली की लोड थेट मेन्सवर टाकणारा स्विच) एकच आहे का, कंट्रोल कार्ड एकच आहे का, मॉड्यूल एकमेकांशी बोलतात ती कम्युनिकेशन बस एकेरी की दुहेरी, बॅटरी सगळ्यांना मिळून एक की प्रत्येकाला वेगळी. डीपीए, म्हणजे विकेंद्रित पॅरलल पद्धतीत प्रत्येक मॉड्यूलमध्ये स्वतःचा रेक्टिफायर, इन्व्हर्टर, स्टॅटिक बायपास आणि कंट्रोल असतं, एक मेलं तरी बाकीचे आपले चालू. बऱ्याच इतर डिझाइनमध्ये अख्ख्या फ्रेमचा एकच मोठा स्टॅटिक स्विच असतो. ऐकायला पहिलं भारी वाटतं पण दुसऱ्यालाही बाजू आहे, खाली कुठे शॉर्ट सर्किट झालं तर मोठा स्विच एकट्याने करंट झेलतो, छोट्या छोट्या स्विचमध्ये तो करंट सारखा वाटला गेला नाही तर एकावर जास्त ताण येतो. म्हणून सेंट्रल असेल तर कंट्रोल दुहेरी आहे का विचारा आणि डिस्ट्रिब्युटेड असेल तर बायपासवर शॉर्ट सर्किट किती केए (किलोअँपिअर) किती वेळ झेलतं तो आकडा लेखी मागा.

मी हे एवढं घोकतोय कारण एका साइटवर स्वतः भोगलंय. कागदावर छान एन प्लस वन, आणि मॉड्यूलमधली एक कम्युनिकेशन केबल सैल झाल्यावर अख्खी फ्रेम बायपासवर गेली. मॉड्यूल सगळे ठणठणीत, लोड मात्र थेट महावितरणच्या भरवशावर. पाऊस चालू होता, पुढची ४० मिनिटं कशी काढली ते आमचं आम्हाला माहीत.

हॉट-स्वॅप या शब्दावर पण डोळे झाकून विश्वास नको. काही मशीनमध्ये मॉड्यूल बदलताना सिस्टिम ऑनलाइनच राहते, काहींत आधी मेंटेनन्स बायपासवर न्यावं लागतं, ब्रोशरमध्ये दोघांनाही हॉट-स्वॅपच म्हणतात. नवीन मॉड्यूल आत घातल्यावर तो लोड घेण्याआधी स्वतःला तपासतो का, फर्मवेअर जुळवून घेतो का, तेही विचारा, कारण पाच वर्षांनी येणारं मॉड्यूल आजच्या व्हर्जनचं नसणार.

एफिशियन्सीचा ९७ हा आकडा बहुतेक वेळा त्या मशीनच्या सगळ्यात सोयीच्या लोडवरचा असतो. तुमच्या लोडवरचा मागा. वरच्या उदाहरणात २५ वाले मॉड्यूल ८० टक्क्यांवर चालतात, ५० वाले ६० वर, १०० वाले ४० वर, आणि टू-एन केलं, म्हणजे अख्खी यूपीएस दोनदा लावली, तर अजून निम्म्यावर. १२० किलोवॅटला ९६ टक्के म्हणजे ५ किलोवॅट वाया, ९४ टक्के म्हणजे साधारण ७.७. वर्षाला २३ हजार युनिटचा फरक पडतो, दहा रुपये युनिट धरा, सव्वादोन लाखांच्या वर गेले, आणि ती उष्णता बाहेर काढायला एसीचं बिल वेगळं. इको मोडचे ९९ टक्के तुलनेत घेऊ नका, त्यात लोड मेन्सवरच असतो. आयईसी ६२०४०-३ प्रमाणे व्हीएफआय, म्हणजे डबल कन्व्हर्जनमधलाच (एसीचं डीसी, मग पुन्हा एसी) आकडा तिघांकडून घ्या.

बॅटरीत सगळ्यात जास्त चलाखी चालते. १० मिनिटांचा बॅकअप म्हणतात तो नव्या बॅटरीवर की म्हाताऱ्या? बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर आली की ती बदलायची असा दंडक आहे, म्हणजे साइझिंग सव्वापट धरूनच झालं पाहिजे. व्हीआरएलए (सीलबंद लेड-अ‍ॅसिड) घेतली तर २५ डिग्रीच्या वर दर १० डिग्रीला आयुष्य साधारण निम्मं, मग विदर्भात मे महिन्यात बॅटरी रूमचा एसी बंद ठेवणाऱ्याला काय म्हणावं. लिथियम महाग, पण जागा कमी आणि जास्त वर्षं चालते, १० वर्षांचा हिशेब मांडला तर बऱ्याचदा परवडते. कॉमन बॅटरी असेल तर निदान दोन स्ट्रिंग (बॅटरींच्या माळा) आणि दोघांना वेगळे ब्रेकर हवेतच.

बॅकअप मात्र तासभराचा मागू नका, ते काम डीजीचं, म्हणजे डिझेल जनरेटरचं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची लाइट गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा बॅटरीच्या मिनिटांनी कोणाचं भागलं नसतं. बॅटरी कशासाठी, तर डीजी पहिल्या झटक्यात चालू झाला नाही तर दुसरा-तिसरा प्रयत्न करता यावा म्हणून. म्हणून यूपीएस डीजीवर हळूहळू लोड घेतं का ते बघा, आणि प्रत्येक मॉड्यूलला वेगळा डिले देता येतो का. इनपुट टीएचडी (इनपुट करंटमधली विकृती) फुल लोडलाच नाही, ३० टक्क्यांनाही किती ते विचारा, कमी लोडवर फिल्टरच्या कपॅसिटरमुळे पॉवर फॅक्टर लीडिंग होतो आणि डीजीचं व्होल्टेज नाचायला लागतं.

कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ साइट असेल तर पीसीबीवर (सर्किट कार्डांवर) कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे संरक्षक थर मागा, खारी हवा कार्ड खाऊन टाकते. सर्व्हिस इंजिनिअर कुठे बसतो आणि स्पेअर मॉड्यूल कुठल्या गोडाऊनला असतं हे विचारा, "चार तासात रिस्पॉन्स" म्हणजे चार तासात फोन येतो, मॉड्यूल नाही. एक मॉड्यूल साइटवरच ठेवा. जास्तीच्या मॉड्यूलचा पुढच्या तीन वर्षांचा रेट आत्ताच पीओमध्ये (पर्चेस ऑर्डरमध्ये) लिहून घ्या, कारण फ्रेम बसली की तुम्ही त्याच कंपनीच्या दावणीला बांधलेले.

आणि लोड ४० किलोवॅट असेल, वाढणारच नसेल, तर मॉड्युलरचा नाद सोडा, दोन साधी यूपीएस पॅरलल लावा, पैसे वाचतील.

ऑर्डर देताना फॅक्टरी टेस्टची अट घाला आणि स्वतः जा. लोड बँकवर (टेस्टसाठी नकली लोड देणाऱ्या मशीनवर) तुमचेच १२० किलोवॅट लावायला सांगा, चालू लोडवर एक मॉड्यूल बाहेर ओढायला लावा, मग कम्युनिकेशन केबल काढायला लावा. केबल काढताना सेल्सवाल्याच्या तोंडाकडे बघा.